हवेची गादी

दुसऱ्याच्या दुःखाला हात लावायचा असेल तर आधी आपले हात स्वच्छ असावे लागतात, असं प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं. वाक्य वजनदार होतं. बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जेवणाची सुट्टी झाली आणि हात धुवायला गेले तर नळाला पाणी नव्हतं.

त्या वर्षी ते कुठेच नव्हतं. नदीच्या पात्रात बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीने पाणी भरत. शेतं पडून होती, शेतांवर राबणारी माणसं पडून होती. एक विहिरी खोदणारे तेवढे कामात होते, कारण ज्याच्याकडे विहीर होती त्याला ती आणखी खोल करून हवी होती. सगळ्या मुलखाचा दुष्काळ, ती त्यांची सुगी.

गावाच्या टोकाला अशाच एका विहीर खोदणाऱ्याचं घर होतं. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. त्याचा बापही खोदणाराच. एका विहिरीची कड ढासळली आणि तो वर आला नाही. म्हणजे आला, पण दुसऱ्या दिवशी, दोराला बांधून. तेव्हापासून म्हातारीला एकच ध्यास होता, पोराने विहिरीत उतरू नये. पोराला दुसरं काही येत नव्हतं. पुढे म्हातारीचं उजवं अंग लुळं पडलं, ओठ एका बाजूला ओघळला, पण जीभ शाबूत राहिली. झटका जरा चुकीच्या जागी बसला, असं गावात काही जणांचं मत होतं.

तिला कुशीवर वळवणं हे दोन माणसांचं काम होतं. हाडापेराने थोराड बाई. मुलगा खांद्याकडून, सून कमरेकडून, आणि म्हातारी स्वतः "हां, आता" म्हणायची. मुलगा दूरच्या कामावर गेला तेव्हा एक माणूस कमी झालं. "हां, आता" म्हणणारी तेवढी उरली.

त्याच सुमाराला एका संस्थेने गावोगाव समाजकार्यकर्ते नेमायचं ठरवलं. बारावी झालेलं असावं, चालण्याची तयारी असावी आणि माणसांची आवड असावी, अशा अटी होत्या. मानधन मिळणार हे कळल्यावर बऱ्याच जणांना माणसं आवडू लागली. मुलाखतीत प्रत्येकाला विचारलं, हे काम का करायचंय? सेवा, असं सगळ्यांनी सांगितलं. सुनेची पाळी येईपर्यंत सेवा हा शब्द चघळून चोथा झालेला होता. ती म्हणाली, "नवऱ्याला विहिरीतून वर काढायचंय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि तिला निवडलं.

घरी येऊन तिने म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "कायम झालीस की त्याला म्हणावं, वर ये." एवढंच. ते दोघींचं ठरलं, मुलाला कुणी विचारलं नाही.

कायम व्हायला आधी प्रशिक्षण होतं, मग उमेदवारी, मग तोंडी परीक्षा. तोवर रजा नाही. आठवड्यातले काही दिवस मोठ्या गावात वर्ग आणि उरलेले दिवस वाड्यावस्त्यांवर घरभेटी. समाजकार्य म्हणजे वाटप नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात, समाजकार्य म्हणजे सल्ला देणंही नाही. मग असतं तरी काय, असं एकाने विचारलं. मॅडम म्हणाल्या, ऐकणं. माणसाला त्याचं दुखणं त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि त्याने आजवर स्वतः काय करून पाहिलं ते विचारायचं. उत्तर त्याच्यापाशीच असतं. आपण फक्त बाहेर काढायला मदत करायची. वचन द्यायचं नाही. कुणाच्या घरी जेवायचं नाही. समोरच्याच्या आधी रडायचं नाही. त्याने घेतलेला निर्णय आपल्याला पटला नाही तरी त्याचा मान राखायचा. जे सांगितलं ते चार लोकांत बोलायचं नाही. आणि स्वतःच्या घरची केस स्वतः घ्यायची नाही, कारण आपल्या घरात माणूस आंधळा असतो.

हे सगळं सून संध्याकाळी चुलीपुढे बसून म्हातारीला सांगायची. म्हातारी म्हणायची, "म्हणजे गप्प बसायचा पगार. तुझा सासरा फुकट करत होता."

पण शिकवणीत म्हातारीने स्वतःला जुंपून घेतलं. सुनेला सरावाला कुणीतरी हवं होतं आणि म्हातारीकडे दिवस रिकामा होता. भांडी आवरली की सून खाटेशेजारी बसायची, आणि म्हातारी विचारायची, "बोल, आज कोण होऊ?"

ती सगळं गाव व्हायची. दारुडा व्हायची तेव्हा म्हणायची, याला माझं तोंड आयतंच आहे. सासरहून पळून आलेली पोर व्हायची, शाळा सोडलेल्या मुलीचा हेकट बाप व्हायची. एकदा सरपंच झाली आणि सुनेलाच घराबाहेर काढलं. सुनेने कुठे सल्ला दिला की ती एका हाताने खाटेची कड वाजवायची. "चुकलीस. तू तोंड घातलंस. माझं उत्तर माझ्यापाशी आहे, तू कोण सांगणार?" सून हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायची. लग्न होऊन आल्यापासून दोघी एकमेकींशी इतकं कधी बोलल्या नव्हत्या. आता बोलत होत्या, फक्त त्यात त्या दोघी नसायच्या.

सुनेची पहिली खरी केस शिंप्याच्या बापाची. म्हातारा घसरून पडला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि मशीनमागच्या खोलीत उताणा पडून होता. शिंपी दिवसभर मशीनवर आणि शिंपीण काजं-बटणांवर. म्हातारा दोघांच्या पाठीमागे. सुनेने पांघरूण बाजूला केलं आणि आधी टाच पाहिली. लाल झाली होती. बोट दाबून पाहिलं तर लाली जात नव्हती. तिने शिंपिणीला जवळ बोलावून दाखवलं: ही पहिली पायरी, पुढची पायरी जखमेची. मग पाठीखाली दुहेरी चादर घालायला शिकवलं. गुडघा वाकवायचा, चादर आपल्याकडे ओढायची, खांदा धरून कुशीवर न्यायचं आणि पाठीमागे उशी लावायची. दर दोन तासांनी, मग मशीनवर कुणाचंही कापड असो. शिंपी म्हणाला, गिऱ्हाईक थांबेल का? शिंपीण म्हणाली, तुमची गिऱ्हाइकं दिवाळी उलटेपर्यंत थांबतात, दोन मिनिटं थांबली तर काय झालं.

शिंपिणीच्या दारातून निघताना सुनेला नेहमी एकच हिशेब आठवायचा. इथे वळवायला दोघं आहेत. घरी ती सकाळी एकटीने चादर ओढायची तर म्हातारी अर्धीच वळायची आणि तिथेच अडायची. आणि ती गेल्यावर दिवसभर जशी ठेवली तशी. शेजारीण दुपारी डोकावून पाणी पाजायची, तोंड पुसायची. तिला वळवणं जमत नव्हतं, तिची स्वतःची कंबर धरलेली.

संस्थेकडे हवेची एक गादी होती. मॅडमनी वर्गात तिचं चित्र दाखवलं होतं. पंप लावला की तिच्यातले कप्पे आलटूनपालटून फुगतात नि बसतात, त्यामुळे अंगाचा भार एका जागी पडत नाही. आसपासच्या सगळ्या गावांत मिळून एकच. सुनेने मॅडमना एकटं गाठून विचारलं, आमच्या घरी मिळेल का? मॅडम चांगल्या बाई होत्या. त्यांनी तिला नियमाची आठवण करून दिली आणि तिच्या घरची केस पलीकडच्या गावच्या कार्यकर्त्याकडे सोपवली.

त्याला सगळे इस्त्री म्हणत. दुष्काळातही त्याच्या सदऱ्याची घडी मोडत नसे. तो ठरल्या वेळी आला, खुर्ची आपल्या हाताने पुसून बसला आणि म्हातारीला तिचं दुखणं तिच्या शब्दांत सांगू दिलं. म्हातारी आता त्या खेळात मुरलेली होती. कोणत्या प्रश्नानंतर कोणता येतो ते तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. मला काही कमी नाही, ती म्हणाली. सून सगळं बघते, शिकलेली आहे. इस्त्रीने पांघरूण उचललं नाही. परक्या बाईचा खाजगीपणा जपावा, हेही वर्गातच शिकवलेलं होतं.

गादी कुणाला द्यायची हे ठरवायला बैठक झाली. सुनेने शिंप्याच्या बापाची केस मांडली: टाच, माकडहाड, वय, खोलीतला उकाडा. पद्धतशीर मांडली. मग इस्त्री उठला आणि त्याने दुसऱ्या घरची परिस्थिती सांगितली. रुग्ण स्त्री, अर्धं अंग लुळं, तक्रार नाही. घरात प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध.

मॅडमनी सुनेकडे पाहिलं. त्या केसमध्ये तिला बोलता येत नव्हतं. ती बोलली नाही.

गादी शिंप्याकडे गेली, आणि केस कशी मांडावी याचं उदाहरण म्हणून मॅडमनी सगळ्यांसमोर सुनेचं नाव घेतलं.

घरी तिने हे जेवण भरवताना सांगितलं. म्हातारीने घास गिळला आणि म्हणाली, "बरोबर झालं. ज्या घरी वैद्य, त्या घरी औषध कशाला?" मग थोड्या वेळाने, "त्या इस्त्रीला बाई शोधा कुणीतरी. एवढा कडक माणूस एकटा बरा नाही."

ऊन वाढत गेलं. पाण्याचा टँकर आठवड्यातून कधीतरी येऊ लागला. भांड्यांना पाणी, प्यायला पाणी, आणि उरलं तर अंग पुसायला. एके सकाळी सून ओला कपडा घेऊन आली तर म्हातारीने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. माझं पुसायचं शेजारीण बघेल दुपारी, मी सांगितलंय तिला. तुझी गाडी चुकेल. सून खरोखरच घाईत होती. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि मग ती रीतच पडली. म्हातारीने खाट भिंतीला लावून घेतली, भिंत गार लागते म्हणून. पाठ भिंतीकडे, तोंड दाराकडे. अशीच बरी आहे, आता ओढत बसू नको, म्हणाली. फरशीवर फिनेल टाकत जा, माश्या फार झाल्या, असंही सांगितलं. शेजारणीला तिने कशाची शपथ घातली ते शेजारणीने पुढे कधी सांगितलं नाही.

शिंप्याच्या घरी सून दर भेटीला घाईघाईने पांघरुणाचं टोक उचलून म्हाताऱ्याची टाच तेवढी पाहायची. लाली गेली होती.

परीक्षा जवळ आली. एका संध्याकाळी सून खाटेशी बसली तेव्हा म्हातारीला अंगात कणकण होती. आज राहू दे म्हणाली सून. म्हातारी म्हणाली, बस, आजची सोपी आहे.

"कोण होताय?"

"म्हातारी. अंथरुणाला खिळलेली."

"आज मेहनत नको वाटतं," सून हसून म्हणाली, आणि नीट मांडी घालून बसली. काय होतंय, ते तुमच्या शब्दांत सांगा.

पाठीला निखारा ठेवलाय, म्हातारी म्हणाली. दिवसा ठेवतात, रात्री फुंकतात.

सुनेने मान हलवली. उपमा तिला आवडली. माणसं दुखणं उपमेतच सांगतात, असं मॅडम म्हणायच्या. तिने पुढचा प्रश्न विचारला.

"यावर तुम्ही स्वतः आजवर काय करून पाहिलंत?"

"गप्प राहून पाहिलं."

"त्याने फरक पडला?"

"सुनेला पडला."

"सुनेला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं तर ती घरी बसेल. ती घरी बसली तर माझा मुलगा खालीच राहील."

सून थांबली. इथे सल्ला द्यायचा मोह होतो, हे तिला शिकवलेलं होतं. तिने तो आवरला. मग काय व्हायला हवं असं तुम्हाला वाटतं, असं विचारलं. म्हातारी म्हणाली, तिची परीक्षा होईस्तोवर कुणी काही बोलू नये, नंतर बघू. तुम्ही पण बोलू नका, बाई.

"निर्णय तुमचा आहे," सून म्हणाली. "मी त्याचा मान राखते."

म्हातारीने डोळे मिटले. खाटेची कड तिने वाजवली नाही. सून म्हणाली, आज एकदाही चुकले नाही ना? नाही, म्हातारी म्हणाली. आज पास झालीस.

तोंडी परीक्षेला मॅडम होत्या आणि बाहेरून बोलावलेले एक वयस्क डॉक्टर. डॉक्टर कानाने कमी होते आणि सकाळपासून समाजकार्याच्या व्याख्या ऐकून आणखी कमी झाले होते. मॅडमनी सुनेला विचारलं, गप्प राहणं कठीण गेलं असा एखादा प्रसंग सांगा. शिंप्याकडे तसं काही घडलं नव्हतं. तिला परवाची संध्याकाळ आठवली आणि ती एक केस म्हणून तिने सांगितली. निखारा सांगितला. सुनेला पडला, हे सांगितलं. निर्णयाचा मान राखला, हेही सांगितलं. बोलता बोलता तिला स्वतःलाच बरं वाटत होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

डॉक्टरांनी कानामागे हात धरला.

"पाठ पाहिलीत?"

"कुणाची?"

"त्या म्हातारीची."

सून बोलायला गेली. "ती नुसती सरावाची..." एवढंच तोंडातून आलं. मग ती उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही. मॅडमनी हाक मारली, पण ती तोवर जिन्यात होती.

गाडी दुपारची होती आणि प्रत्येक फाट्यावर थांबत होती. गाडीत तिला फिनेलचा वास आठवत राहिला, आणि शिंप्याच्या म्हाताऱ्याची टाच.

घरी दार उघडंच होतं. म्हातारी दाराकडे तोंड करून पडलेली. "झालीस का?" तिने विचारलं. सुनेने खाट भिंतीपासून ओढली, पाठीखालची चादर दोन्ही मुठींत धरली, आणि जे दोन माणसांचं काम होतं ते एकटीने केलं. माकडहाडाच्या जागी वाटी बसेल एवढा खड्डा होता. त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि शेजारणीने वर ठेवलेला कपडा आत चिकटला होता.

"का सांगितलं नाहीत, आई?"

"सांगितलं की," म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तूच म्हणालीस, निर्णय माझा."

सून खाली बसली. समोरच्याच्या आधी रडायचं नाही हा नियम तिला तेव्हाही आठवला. पण समोरची रडत नव्हती.

मोठ्या गावच्या दवाखान्यात जखम कापून साफ केली. रोज कपडा बदलायचे. ताप उतरायचा नि चढायचा. वॉर्डात सून दर दोन तासांनी तिला वळवायची. आता वेळही होता आणि मदतीला आयाही होती. तापात म्हातारी कधी दारुडा व्हायची, कधी ती पळून आलेली पोर, आणि सून प्रत्येकाला विचारायची, काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, या दोघींनाही ताप आहे. शेवटच्या दिवशी म्हातारी कुणीच झाली नाही. खाली वाकून बघितल्यासारखं करून ती "वर ये, वर ये" म्हणत होती. नवऱ्याला की मुलाला, ते कळायला मार्ग नव्हता. दोघांनाही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

मुलगा आला तो दगडाच्या भुकटीने पांढरा होऊन. आईला त्याने खांद्याकडून धरलं, सवयीने, आणि सुनेने कमरेकडून. "हां, आता" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून दोघांचा मेळ बसायला वेळ लागला.

त्याने बायकोला दोष दिला नाही. एकदाच विचारलं, तुला हेच शिकवत होते ना तिथे? ती हो म्हणाली. मग तो ओट्यावर बसून पहारीचं टोक घासत राहिला. सून कायम झाल्याचा निरोप त्याच आठवड्यात आला. डॉक्टरांनीच तिची शिफारस केली होती. तिने त्याला सांगितलं, आता वर ये. आईचं तेच म्हणणं होतं. तो म्हणाला, तिथली विहीर अर्धी झालीय आणि पाणी अजून लागलेलं नाही. लागलं की बघू. सकाळी तो गेला.

कायम झाल्यावर मॅडमनी तिला पहिलं काम दिलं ते शिंप्याकडून गादी परत आणण्याचं. दुसऱ्या गावात एका केसला ती हवी होती.

शिंप्याचा बाप दारात खुर्चीवर बसून होता. काठी मांडीवर, पायात चपला. सुनेने वाकून त्याची टाच पाहिली. सवयच लागली होती. कातडी कोवळी होती आणि कुठे डाग नव्हता. तिने म्हाताऱ्याला म्हटलं, गादीचा चांगला उपयोग झाला. म्हाताऱ्याने सुनेकडे बघितलं. शिंपीण आतून हात पुसत आली. सासूचं कळलं, बाई, म्हणाली. फार वाईट झालं. मग ती खाली वाकली आणि मशीनच्या पायपट्टीमागे ठेवलेली गादी ओढून काढली.

ती आली होती तशीच घडी केलेली होती. तिच्याबरोबर पंप आलाच नव्हता.